तांबगिरीचा मुका चौघडा

"पण झाला कुठे? मला तर काहीच ऐकू आलं नाही!"

"झाला की, बुवा. आत्ताच तर झाला," कासमभाई तांबोळी म्हणाला आणि त्यानं दुकानातला दिवा लावला.

मोरेश्वरबुवा खरवंडीकरांनी कान टवकारले. मग रस्त्याकडे पाहिलं.

समोर सराफाच्या ओट्यावर दिवा लागला. शेजारी कापडवाल्याचा लागला. पलीकडे देवळाच्या दीपमाळेवर पुजारी चढताना दिसला. बघता बघता सगळ्या पेठेत दिवे लागले, आणि कुणी कुणाला हाक मारली नव्हती.

"काय झाला म्हणालात?"

"चौघडा."

"कुठे?"

कासमभाईनं पानाला चुना लावता लावता मानेनंच दाखवलं. पेठेच्या टोकाला हत्ती दरवाजा होता आणि त्याच्यावर नगारखाना. इथून त्याची नुसती कमान दिसत होती.

"अहो, नगाऱ्यांवर तर पांढरं कापड घातलंय! मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. दुखवट्यात चौघडा वाजत नाही, हे तुम्हीच मला सांगितलंत."

"वाजत नाहीच."

"मग झाला कसा?"

कासमभाईला प्रश्नच कळला नाही. "संध्याकाळ झाली, येसबानं चौघडा केला, आम्ही दिवे लावले." त्यानं पान पुढे केलं. "सुपारी कातरलेली घालू का खडा?"

बुवांनी पान तसंच तोंडात टाकलं. हे गावच्या गाव खुळं झालंय, अशी त्यांनी मनाशी खूणगाठ बांधली.

बुवा मोठे गवई. तंबोरा पाठीशी घेऊन संस्थानांमागून संस्थानं पालथी घातलेले. स्वतःच्या गाण्याविषयी त्यांचं मत फार चांगलं होतं आणि ते मत ते लपवून ठेवत नसत.

तांबगिरीच्या महाराजांनी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. दरबारगवयाची जागा रिकामी होती. गाणं पसंत पडलं तर ती जन्मभरासाठी बुवांची. आता वय झालं होतं, फिरणं नको वाटत होतं. बुवा मोठ्या आशेनं आले, टांग्यातून हत्ती दरवाज्याशी उतरले, आणि त्याच सकाळी महाराज गेले.

दिवाणांनी त्यांना वाड्यावर बोलावून घेतलं.

"परत जाऊ नका, बुवा. सुतक फिटलं की युवराज गादीवर बसतील. आमच्याकडे रीत आहे. दुखवटा सुटतो तो गाण्यानं. आधी सूर, मग नगारा. त्या दिवशी या शहरात पहिला आवाज उमटेल तो तुमचा."

"आणि तोवर?"

"तोवर शहर बघा." दिवाण त्यांना दारापर्यंत सोडायला आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "पण गुणगुणूसुद्धा नका."

ऐकायला हा मान मोठा होता. बुवांना मात्र तो नकोसा झाला.

त्याचं कारण बुवांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. बायकोलाही नाही. गेलं वर्षभर त्यांचा वरचा षड्ज दगा देत होता. ज्या सुरासाठी लोक त्यांना लांबलांबून बोलवायचे, नेमका तोच. गळा निषादापर्यंत सरळ चढायचा आणि वर पाय टाकायला गेला की फाटायचा. रोज पहाटे घासून घेतला तर तो सूर कसाबसा उभा राही. रियाज चुकला की गेला.

आता दुखवटा सुटेपर्यंत रियाज नाही. आणि मग सगळ्या शहरापुढे, एवढ्या शांततेत, पहिलाच सूर. मैफलीत आवाज फाटला तर तबलजी तुकडा मारून सांभाळून घेतो. इथे कोण सांभाळणार?

पहिल्याच पहाटे बुवांनी धर्मशाळेच्या खोलीचं दार लावलं. डोक्यावरून गोधडी घेतली. तोंडाशी उपरण्याचा बोळा धरला आणि हळूच सा लावला.

थोड्या वेळानं दारावर थाप पडली. धर्मशाळा सांभाळणारी भागाबाई वाटी घेऊन उभी होती.

"ओवा आनलाय. गरम पान्यासंगं घ्या. पोटाचं दुखनं अंगावर काढू नये."

बुवांनी निमूटपणे ओवा खाल्ला.

त्या दिवसापासून बुवा शहर बघायला लागले. खरं म्हणजे ते शहर बघत नव्हते, गायला जागा शोधत होते.

पण तांबगिरीत तशी जागाच नव्हती. देवळांतल्या घंटांचे लोलक फडक्यात बांधलेले. बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा उतरवलेल्या. भाजीवाल्या डोक्यावर पाटी घेऊन गल्लीतून नुसत्या चालत जायच्या, आणि बायका बरोब्बर दार उघडून उभ्या राहायच्या. शाळेत पोरं पाढे मनातल्या मनात म्हणत होती आणि मास्तर मनातल्या मनात चुका काढत होते. कुत्र्यांना तेवढं कुणी काही सांगितलं नव्हतं. पण तीसुद्धा एकदा भुंकून ओशाळल्यासारखी गप्प बसत.

एका टोकाला जुनी बारव सापडली. खोल, अंधारी, निर्मनुष्य. बुवांना हायसं वाटलं. ते पायऱ्या उतरून तळाशी गेले, घसा साफ केला, तोंड उघडलं...

पाण्याच्या कडेला एक बाई धुणं धूत होती. कपडे आपटत नव्हती, हातानंच चोळत होती. तिनं बुवांकडे पाहिलं आणि ओले हात जोडले.

बुवांनी तोंड मिटलं आणि सगळ्या पायऱ्या पुन्हा चढून वर आले.

असे भटकत भटकत ते एका दुपारी तांबट आळीत पोचले. एरवी या आळीत कानात बोटं घालून चालावं लागत असेल. आज ओट्याओट्यावर तांबट बसले होते आणि हंडे-घागरी चिंचेनं घासत होते. हातोड्या खुंटीला टांगलेल्या. तांबं नुसतं लखलखत होतं.

बुवा एका ओट्याच्या सावलीला टेकले. इथून ना हत्ती दरवाजा दिसत होता, ना नगारखाना.

आणि मग सगळ्यांचे हात थांबले.

आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकदम. घागरी खाली ठेवल्या गेल्या. लोक हात धुवायला उठले. भाकरीची फडकी सुटली.

"काय झालं?" बुवांनी शेजारच्या म्हाताऱ्या तांबटाला विचारलं.

"दुपारचा चौघडा झाला."

"तुम्हाला ऐकू आला?"

म्हाताऱ्यानं भाकरी मोडली. जरा विचार केला. "आला. पण आज येसबाचा डावा हात जड पडतोय."



बुवा उठले आणि तडक हत्ती दरवाज्याकडे निघाले. उन्हात, अनवाणी. जोडा ओट्याखालीच राहिला हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

नगारखान्याचा जिना अरुंद आणि उभा होता. बुवा धापा टाकत वर आले. कापड पांघरलेले दोन मोठे नगारे समोर होते. त्यांच्याजवळ घोंगडीवर एक म्हातारा बसला होता. पांढऱ्या मिश्या, डोक्याला मुंडासं, आणि अंगात बंडी नाही.

तो डाव्या खांद्याला तेल चोळत होता.

बुवांची नजर त्या खांद्यावर खिळली.

"येसबा नगारची तूच का?"

"व्हय."

"खांद्याला काय झालं?"

"सकाळी पायरीवरनं घसरलो. धरलाय जरा." म्हाताऱ्यानं वर पाहिलं. "तुमाला कुनी सांगितलं?"

"तांबट आळीतल्या म्हाताऱ्यानं. तो म्हणाला, डावा हात जड पडतोय."

"त्याचा कान बरा हाय," येसबा म्हणाला आणि तेल चोळू लागला.

बुवा खाली बसले. त्यांना खूप काही विचारायचं होतं आणि कुठून धरावं ते कळत नव्हतं.

"दुपारी तू नगारा वाजवलास?"

"वाजवला."

"या कापडावर?"

"कापडाला शिवायचं न्हाई. दुखवटा हाय."

"मग?"

येसबानं तेलाची वाटी बाजूला सारली. "दिवेलागनीला बगा. तवर पडा जरा. उनाचं आलायसा."

बुवा पडले नाहीत. दिवेलागणीपर्यंत नगाऱ्यांवर नजर रोखून बसले. यात काहीतरी युक्ती असणार, आणि ती आपण पकडणार, असं त्यांनी ठरवलं होतं.

ऊन कललं. येसबानं हातपाय धुतले. नगाऱ्यांना डोकं टेकलं. टिपऱ्या हातात घेतल्या.

आणि वाजवायला सुरुवात केली.

टिपरी पूर्ण जोरानं खाली येई आणि कापडाच्या बोटभर वर थांबे. उजवी, डावी, उजवी. सावकाश सुरू झालेलं काम हळूहळू अंगात भरत गेलं. येसबाची मान डोलू लागली. दंडाच्या शिरा तटतटल्या. पाठीवरून घामाचे ओघळ उतरले. सगळं होतं, आवाज तेवढा नव्हता.

नाटक आहे झालं, असं बुवा मनाशी म्हणाले.

तेवढ्यात येसबाच्या कपाळाला आठी पडली. काहीतरी चुकलं होतं. त्यानं जीभ चावली, मागं गेला आणि ते आवर्तन पुन्हा घेतलं. या वेळी बरोबर आलं असावं, कारण आठी गेली.

बुवा पुढे सरकले. न वाजणाऱ्या नगाऱ्यावर चूक कोण दुरुस्त करतो?

लय वाढत गेली. टिपऱ्या दिसेनाशा झाल्या. शेवटी दोन्ही हात एकदम वर गेले, खाली आले, आणि थांबले.

बुवा धावत झरोक्याशी गेले.

खाली पेठेत पहिला दिवा लागला. मग दुसरा. मग ओट्याओट्यावर, खिडकीखिडकीत, दूर तांबट आळीकडे, तळ्याच्या काठाला. अख्खं शहर त्यांच्या डोळ्यांसमोर उजळत गेलं आणि त्याला कसलाही आवाज नव्हता. बुवांनी आयुष्यात पुष्कळ मैफली जिंकल्या होत्या. पण असं काही त्यांच्या गाण्यानं कधी घडलं नव्हतं, आणि हे त्यांना तिथं उभं असताना लख्ख कळलं.

मोठा माणूस असा चटकन हार मानत नाही. बुवा वळले.

"सवय आहे त्यांना. उजेड बघून दिवे लावतात."

"आसंल."

"तुला तसं वाटत नाही?"

"मला वाजवायचं आसतं, बुवा. वाटून घ्यायला सवड कुटं मिळती?"

"पण हात नेमका थांबवतोस कसा?"

"थांबवत न्हाई."

"थांबवत नाहीस? मग आवाज का येत नाही?"

येसबानं टिपऱ्या फडक्यात गुंडाळल्या. "आवाज म्हाराजांचा व्हता. त्ये घेऊन गेले. वाजवनं माजं."

...

दुसऱ्या दिवशी बुवा सकाळपासूनच नगारखान्यात हजर होते. गाण्यासाठी जागा शोधायची राहूनच गेली.

"मला दे बरं टिपऱ्या," दुपार व्हायच्या आधी ते म्हणाले. लयीचा अभ्यास त्यांनीही केला होता, उगीच नाही.

येसबानं लगेच दिल्या. "आज दुपारचा तुमीच करा. माजा खांदाबी दुखतोय."

बुवांनी उपरणं कमरेला बांधलं. बोटभर अंतर ठेवून सुरुवात केली. एकदाही कापडाला स्पर्श होऊ दिला नाही. मग त्यांना रंग चढला. दुगुन घेतली, चौगुन घेतली. मध्येच एक अवघड तुकडा टाकला, जो ऐकून भल्याभल्यांनी त्यांना दाद दिली होती. झोकदार तिहाई घेऊन समेवर हात आणले आणि घाम पुसत झरोक्याशी गेले.

खाली पेठ चालूच होती. कापडवाला गज मोजत होता. कुणी उठलं नव्हतं, कुणी भाकरी सोडली नव्हती. दरवाज्याखालच्या हमालानं तेवढं वर पाहिलं, कानात करंगळी घालून जोरजोरात हलवली आणि पुन्हा कामाला लागला.

बुवांचा चेहरा उतरला. "काय चुकलं?"

"चुकलं न्हाई."

"मग?"

"लई मोठ्यानं वाजवलंसा."

येसबानं टिपऱ्या घेतल्या, दुखऱ्या खांद्यानं बसला आणि दुपारचा चौघडा केला. खाली शहर जेवायला उठलं.

त्यानंतर बुवा रोज येऊ लागले. पहाटे, दुपारी, दिवेलागणीला. फारसं बोलत नसत. शेजारी बसत आणि बघत. येसबाला आपण कधी 'तुम्ही' म्हणू लागलो, हेही त्यांना कळलं नाही. भागाबाईला मात्र त्यांच्या पोटाची काळजी वाटे आणि ती ओव्याची पुरचुंडी बांधून देई. ती पुरचुंडी येसबा खाई.

दुखवटा सुटायला एकच दिवस उरला. संध्याकाळी दिवे लागल्यावर बुवा उठले नाहीत.

"येसबा, एक सांगू? कुणाला सांगितलेलं नाही."

"सांगा."

"माझा वरचा सा फाटतो."

येसबानं टिपऱ्यांचं फडकं बाजूला ठेवलं.

"उद्या सकाळी माझ्या गाण्यानं दुखवटा सुटायचा. सगळं शहर कान लावून बसणार. इतक्या दिवसांत मी एकदाही गळा उघडलेला नाही. तो सूर उद्या लागणार नाही, येसबा. फाटणार. आणि फाटला की माझं नाव गेलं, ही जागा गेली. यापुढे मला कुणी बोलावणार नाही. दुसरं काही मला येत नाही हो!" बुवांनी हात जोडले. "तुमची विद्या मला द्या. काय करू ते सांगा."

येसबा नगाऱ्याजवळ सरकला.

"हिकडं या," तो म्हणाला. "हात द्या."

त्यानं बुवांचा उजवा हात धरला आणि तळवा नगाऱ्यावरच्या कापडावर पालथा ठेवला.

"हलवू नका."

आणि टिपरी उचलली. ती पूर्ण जोरानं बुवांच्या बोटांवर खाली आली. बुवांनी डोळे गच्च मिटले, पण हात काढला नाही. टिपरी थांबली. पुन्हा वर गेली, पुन्हा आली. पुन्हा.

बुवांच्या तळव्याखाली कातडं थरारलं.

की त्यांचाच हात थरथरत होता? त्यांनी जीव एकवटून अंदाज घेतला. कापड स्थिर होतं. हात स्थिर होता. आणि तरी तळव्यातून काहीतरी मनगटात चढत होतं, कोपरापर्यंत, तिथून छातीत. बुवांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, आणि ते भीतीचं नव्हतं.

येसबानं टिपरी खाली ठेवली.

"कळलं?"

"नाही," बुवा म्हणाले.

"बरं झालं," येसबा म्हणाला. "जा आता. निजा."

सकाळी वाड्याच्या चौकात मुंगीला शिरायला जागा नव्हती. गच्च्यांवर माणसं, भिंतींवर माणसं, बाहेर पेठेत थेट हत्ती दरवाज्यापर्यंत माणसं. कुणी खोकत नव्हतं.

गादीवर विशीतला युवराज बसला होता. वडील गेल्यापासून तो रडला नव्हता, असं लोक काळजीनं सांगत.

बुवांनी तंबोरा मांडीशी घेतला. तार छेडली. एवढ्या दिवसांच्या शांततेनंतर तो झंकार इतका मोठा वाटला की पुढच्या रांगेतली माणसं दचकली.

बुवांनी सा लावला. तोडी सुरू केली.

नेहमीसारखी तानेची घाई करावी, असं त्यांना वाटलंच नाही. एकेका सुरावर ते थांबत आणि तो सूर चौकातून बाहेर पडून पेठेत उतरेपर्यंत वाट बघत. मग पुढचा. लोक श्वास रोखून ऐकत होते. भागाबाई भिंतीला टेकून उभी होती. कासमभाईच्या हातात लावलेलं पान तसंच होतं.

गाणं चढत गेलं. धैवत झाला. निषाद आला.

भीती होती. ती कुठेही गेली नव्हती. बुवांना वरचा सा समोर दिसत होता आणि आपला गळाही दिसत होता.

निषादावरून त्यांनी सूर उचलला...

आणि मधेच सोडून दिला.

तंबोऱ्यावरचं बोटही उचललं.

...

चौकात काही हललं नाही.

मग बुवांना दिसलं. समोरच्या माणसानं मान वर केली. त्याच्या मागच्यानं केली. भिंतीवरच्यांनी, गच्चीवरच्यांनी, दरवाज्याबाहेर दूरवर उभ्या असलेल्यांनी. हजारो चेहरे हळूहळू वर उचलले गेले. भागाबाईनं हात जोडले. कासमभाईच्या हातातलं पान गळून पडलं. आणि गादीवरच्या त्या पोरानं डोळे मिटले, ओठ दाबले, आणि तो ढसाढसा रडू लागला.

बुवा सावकाश खाली आले, खालच्या षड्जावर टेकले आणि त्यांनी तंबोरा आडवा ठेवला.

दिवाण पुढे आले. त्यांचेही डोळे ओले होते. हातात सोन्याचं कडं होतं.

"बुवा, असा षड्ज मी जन्मात ऐकला नाही," ते कसंबसं म्हणाले. "जागा तुमची. हात करा पुढे."

बुवांनी हात मागे घेतला.

"जरा थांबा, दिवाणसाहेब. मी आलोच."

ते उठले आणि गर्दीतून चालू लागले. लोकांनी बाजूला सरून वाट दिली. कुणी बोललं नाही. पेठेतून, कासमभाईच्या रिकाम्या दुकानावरून ते हत्ती दरवाज्यापर्यंत आले. पुढे पुढे तर पळतच आले.

खाली दरवाज्याशी दोन मानकरी उभे होते आणि वर बघून हातवारे करत होते. सूर झाला की लागलाच नगारा, अशी रीत होती. नगारा मात्र अजून झाला नव्हता.

बुवा जिना चढून आत आले.

नगाऱ्यांवरची कापडं निघाली होती. तांबूस कातडी उन्हात उघडी होती. येसबा नवं मुंडासं बांधून समोर बसला होता. टिपऱ्या त्याच्या हातात होत्या आणि कान वाड्याकडे लागले होते.

बुवा त्याच्यापुढे मटकन बसले.

"येसबा, मी तो सूर लावलाच नाही! निषादावर सोडून दिलं. फाटेल म्हणून भ्यायलो असेन. का आणखी काही होतं... माझं मलाच सांगता येत नाही. पण ते सगळे म्हणतायत, मी लावला. सोन्याचं कडं घालायला निघालेत माझ्या हातात. ही फसवणूक आहे, येसबा. मी जातो आणि सगळ्यांदेखत खरं काय ते सांगतो. जागा गेली तर जाऊ दे. आणि तुम्ही असे बसून काय राहिलात? दिवाण खोळंबलेत, नवे महाराज खोळंबलेत. नगारा करा ना! गाणं कधीच संपलं!"

येसबानं एक टिपरी ओठांवर उभी धरली.

"हळू बोला, बुवा... आजून संपलं न्हाई."